1914 लाच सगळं कळलंय म्हणे, मग विद्यापीठानं सांडपाण्यावर संशोधन करायचंच कशाला?

गिरणाकाठ:
काल इथं एका दादांनी लिहिलं, "विद्यापीठवाल्यांनी सांडपाण्यातले जीवाणू शोधणं बंद करावं, 1914 लाच सगळं कळलंय, आता फक्त ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) चालू ठेवा." वाचून डोकं फिरलं म्हणून लांब लिहितोय. भो, 1914 ला मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांनी केलं काय? सांडपाण्यात हवा सोडली, वरचं पाणी काढून घेतलं पण खाली बसलेला, घाण खाणाऱ्या जीवाणूंचा गाळ फेकला नाही, त्यावरच नवीन पाणी ओतत गेले, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्यांना या वाटेला लावणारे फाउलर तिथल्या विद्यापीठात शिकवायचे, पुढं आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. म्हणजे तुमचा ब्लोअर पण संशोधनातूनच आला ना? आणि आपलं ऊन बघा. 20 अंशाला लिटरभर पाण्यात 9 मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 ला जेमतेम 7, आणि नेमकी तेव्हाच जीवाणूंची भूक वाढलेली असते. मे महिन्यातलं जळगाव मँचेस्टरमध्ये बसून कोण मोजणार?

प्लँटवरचा:
कालचं मीच लिहिलं होतं, आणि मागं घेत नाही. 11 वर्षं एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) चालवला, गाव सांगत नाही. पीएचडीची दोन पोरं चार वर्षं सॅम्पल न्यायची, बर्फात घालून, वेळेवर. एकदाही येऊन सांगितलं नाही की साहेब तुमचा गाळ का बसत नाही. लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवलं तरी गाळ 900 मिलीच्या खाली उतरायचा नाही, टाकीवर फेस, रात्री लाईट गेली की डिझेल नाही कारण बिल मंजूर नाही. हवाच नाही तर जीवाणू जगणार कसा? ते शोधा आधी.

रावेरची केळी:
तुमचा गाळ राहू द्या बाजूला. शहराखालच्या नाल्यावर मोटरी टाकून मेथी-पालक पिकवतात आणि सकाळी तोच माल बाजारात, त्यावर कोणी बोलतं का? माझ्या बहिणीचं पोरगं दोन वेळा टायफॉइडनं झोपलं. पिकवणाऱ्यांना लाज वाटायला पाहिजे.

नाल्यावरची_मोटर:
ती मोटर माझ्या वडिलांची आहे. विहीर जानेवारीतच आटते. तुमच्या केळीला कॅनॉल आहे, ठिबक आहे, आमच्याकडं बारा महिने वाहतं ते फक्त शहरानं सोडलेलं पाणी. त्यात घाण कोणी केली, आम्ही? लाज कोणाला काढताय, तोंड सांभाळून बोला.

रावेरची केळी:
कॅनॉलचं पाणी फुकट येतं का आम्हाला? आणि पोरगं आजारी पडलं ते खोटं आहे का?

यावलची_ताई:
दोघं जरा थांबा. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. पालक शिजतो, कोथिंबीर आणि मुळा कच्चा खातात, भीती तिथं जास्त. आणि प्लँट चांगला चालला, बीओडी (घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरला, तरी रोगाचे जंतू मेले असं नसतं, त्यासाठी पुढं क्लोरीन लागतं. दुसरा रस्ता तळ्यांचा. एकापुढं एक तळी, पाण्याचा 8 ते 10 दिवस मुक्काम, जंतांची अंडी तळाशी बसतात, शेवाळ उन्हात ऑक्सिजन देतं, ब्लोअर नाही की डिझेल नाही. जागा जास्त लागते, पण ऊन खान्देशाइतकं कुठं आहे? आपल्या उन्हाळ्यात किती दिवस पुरतील, हिवाळ्यात किती वाढवायचे, हे इथंच तळं खोदून मोजावं लागेल. दादा, याला तरी संशोधन म्हणाल का?

प्लँटवरचा:
तळ्याचं म्हणत असाल तर हो म्हणतो, नाइलाजानं. पण पावसाळ्यात त्या तळ्यांवर डास झाले की लोक प्लँटवाल्याच्याच अंगावर येतात, विद्यापीठाच्या नाही.

गिरणाकाठ:
काठावरचं गवत काढत राहिलं की डास आटोक्यात राहतात. आणि सॅम्पलवाल्या पोरांचं तुमचं खरं आहे. चूक त्यांच्या गाईडची आहे, पण तेवढ्यासाठी संशोधनच बंद करा म्हणणं मला अजूनही पटत नाही.

प्लँटवरचा:
नका करू बंद. पण सॅम्पल नेलं की आठ दिवसांत आकडा आमच्या ऑपरेटरच्या रजिस्टरमध्ये मराठीत लिहायचा. नाहीतर गेटमधून आत सोडणार नाही.

नाल्यावरची_मोटर:
एक बाटली आमच्या मोटरच्या तोंडाशी पण भरा. वडील 14 वर्षांपासून विचारतायत, पाण्यात आहे काय म्हणून.