वाऱ्याच्या बेटावर पोहायला कुठला बीच निवडलात? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

मांजलपूर :
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमचं सात जणांचं दीवला जायचं ठरतंय आणि मागच्या एप्रिलच्या ट्रिपचा धसका घरात अजून गेला नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. आपण बडोद्याचे लोक पोहायला शिकतो लालबागच्या नाहीतर सरदारबागच्या तरणतलावात, पाणी जागच्या जागी, तळ दिसतो, काठ हाताशी. आणि जवळचा समुद्र कुठला तर खंभातचं आखात, सगळा चिखल, भावनगरकडे भरती-ओहोटीत 10 मीटरच्या वर फरक पडतो, तिथे पोहायचं नावच नको. त्यामुळे बेटावर गेलो की कुठल्या पाण्यात शिरायचं हे आपल्याला घरातल्या कोणीच शिकवलेलं नसतं, हॉटेलवाला सांगेल तो बीच.

आमचं असं झालं की रात्रभराच्या बसने पोचलो, सकाळ किल्ला बघण्यात गेली, जेवण, झोप, आणि तीन वाजता नागोव्याला गेलो. सकाळी रिक्षातून जाताना तोच बीच अगदी ताटासारखा सपाट होता हो! आता समुद्रावरून असा वारा सुटला होता की पिशवीतून काढेपर्यंत थेपल्यांवर वाळू. नऊ वर्षांचा भाचा कमरेएवढ्या पाण्यात होता, एक लाट आली, पडला, उठतोय तोवर दुसरी, आणि तो ज्या बाजूला तोंड करून उठला ती समुद्राची बाजू होती. त्याला किनारा कुठे ते कळेना. मी धावले पण ओल्या सलवारीत पाय उचलतच नव्हते, शेवटी लाइफगार्डने दंडाला धरून आणला. पाणी फार तर पोटापर्यंत होतं, हे मुद्दाम लिहितेय. दुसऱ्या दिवशी सात वाजता गेलो तर परत सपाट, पण तो पायसुद्धा बुडवायला तयार नव्हता.

तर ज्यांनी बेटांवर पोहून झालंय त्यांनी लिहा, कुठलं बेट, कुठला महिना, काय चुकलं, काय जमलं. कुठलंही बेट चालेल.

दांडिया बाजार :
ताई, हे तर आपण शाळेत भूगोलात शिकलोय, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची आत येते, तो खारा वारा, दुपारी दोन ते पाच जोर. रात्री उलटं, जमीन लवकर थंड होते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई, उन्ह चढेपर्यंत टिकतो. एप्रिल-मेमध्ये त्यात अरबी समुद्रावरचा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा मिळतो आणि नागोवा आहे दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे दुपारी सगळं तोंडावरच. आम्ही दीवला चार वेळा गेलोय, पोहणं सकाळी नाश्त्याच्या आधी, किल्ला, चर्च, खुकरी स्मारक (1971 च्या युद्धात बुडालेल्या युद्धनौकेचं) सगळं दुपारनंतर. तुम्ही बरोब्बर उलटं केलंत. आणि पावसाळ्यात पाण्यात उतरायला बंदी असते तेव्हा कोणी "थोडंसंच" म्हणूनही उतरू नये, मी स्वतः ऑगस्टमध्ये तिथल्या लाटा पाहिल्यात.

वाघोडिया रोड :
मॉरिशस, ऑगस्ट. लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून गेलो. पॅकेजवाल्यांनी हॉटेल दिलं पूर्व किनाऱ्यावर, बेल मारला, स्वस्त पडलं म्हणून आम्ही खूश. स्वस्त का ते पोचल्यावर कळलं. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा आणि आग्नेयेचा व्यापारी वारा नुसता वाहत असतो, रात्री खिडकी वाजायची. प्रवाळाची भिंत लांबवर लाटा अडवते त्यामुळे धोका असा नाही, पण पाणी सारखं उकळल्यासारखं, तोंडावर उडत राहतं आणि बाहेर आलं की थंडीने दात वाजतात. हिला पोहता येतं पण दहा मिनिटांत बाहेर.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाले काका भेटले ते मराठी घरातले निघाले, आजोबा-पणजोबांपासून तिथेच, गणपतीची सुट्टी असते तिकडे, आरती पाठ! ते म्हणाले की या दिवसांत वारा डोंगराला आपटू दे, तुम्ही डोंगराच्या पाठीमागे जा. फ्लिक आँ फ्लाकला घेऊन गेले, पश्चिमेला. तासाभराचा रस्ता फक्त, आणि तिथे पाणी असं की पायाची नखं दिसत होती. नंतर उत्तरेकडच्या त्रू ओ बिशलाही गेलो, तेही शांत. उरलेले सगळे दिवस पोहलो. दक्षिणेला ग्री ग्री म्हणून जागा आहे, तिथे समोर प्रवाळाची भिंतच नाही, लाट थेट कड्यावर, ती फक्त वरून बघायची, पोहायचं नाव काढू नका.

राओपुरा :
काका, कसं ओळखायचं पण वारा कुठून येतोय ते? फोनवर बाण दिसतो, तो बाण जिकडे जातोय ती दिशा की जिथून येतोय ती?

दांडिया बाजार :
चांगलं विचारलंस, इथेच घोळ होतो. "उत्तरेचा वारा" म्हणजे उत्तरेकडून येणारा. बाण बहुतेक ठिकाणी जिकडे जातोय तिकडे टोक करून असतो. नसेल खात्री तर किनाऱ्यावर उभं राहून मूठभर कोरडी वाळू खांद्याच्या उंचीवरून सोड, फोन खिशात राहू दे. आणि वेग नॉट्समध्ये असला तर 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी. 10 नॉट्सच्या आत मुलं खेळू शकतात. समुद्रावर ठिकठिकाणी पांढरे फेसाचे ठिपके दिसायला लागले की 12-15 च्या पुढे गेला समज, आम्ही तेव्हा मुलांना बाहेर काढतो.

कारेलीबाग :
मी थोडं वेगळं सांगते. मुलगी-जावई जर्मनीत असतात, जुलैत त्यांच्याबरोबर ग्रीसला मिलोस बेटावर गेलो होतो. तिकडे उन्हाळ्यात मेल्तेमी म्हणून वारा असतो, उत्तरेचा, दिवस दिवस थांबत नाही, आकाश निळंशार आणि वारा मात्र माणसाला ढकलतो. उत्तरेला साराकिनिको नावाची पांढऱ्या खडकांची जागा आहे, फोटोत बघून आम्ही पहिल्याच दिवशी गेलो, आत खडकांच्या फटीत लाटा धाडधाड येत होत्या, कोणीच पाण्यात नव्हतं. घरमालकीण रोज सकाळी गच्चीवरचं वाळत घातलेलं कापड बघायची आणि सांगायची, आज दक्षिणेला. मग फिरिप्लाका. तिथे पाठीशी उंच रंगीत कडे, वारा लागतच नाही, पाणी काचेसारखं.

पण लिहायचं आहे ते पुढचं. पाणी शांत म्हणून नातीला हवेच्या गादीवर बसवली, जावई बाजूला उभे. वारा कड्यावरून येऊन किनाऱ्यापासून थोडं पुढे पाण्यावर उतरत होता आणि जमिनीकडून समुद्राकडे जात होता. आम्हाला किनाऱ्यावर एक झुळूक नाही! जावयांनी चष्मा पुसायला हात काढला, तेवढ्यात गादी दोन हात पुढे, मग दहा हात. ते चांगले पोहणारे म्हणून गाठली, आणि गाठल्यावर नातीला उतरवून गादी सोडून दिली, कारण गादीसकट परत येणं होईना. आम्ही बघत होतो, ती पिवळी गादी उलटीपालटी होत अक्षरशः पाच मिनिटांत ठिपका झाली. त्या ठिपक्यावर नात असती तर, हे मी अजून रात्री उठून विचार करते. वाऱ्याच्या आडोशाचा किनारा पोहायला उत्तमच, आम्ही नंतर रोज तिथेच गेलो, फक्त हवा भरलेलं काहीही न्यायचं नाही, ट्यूब नाही, गादी नाही.

सुरसागर :
बापरे काकू. वाचून अंगावर काटा आला.

अलकापुरी :
अंदमान, जानेवारी. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. रूम पूर्वेला विजयनगर बीचवर होती, सकाळी दार उघडलं तर पाणी गायब, ओहोटीला लांबपर्यंत खडक आणि मेलेलं प्रवाळ, बायकोचा तळपाय कापला. मग स्कूटी घेऊन पश्चिमेला राधानगरला गेलो. हिवाळ्यात तिकडे वारा ईशान्येचा, बेटावरचं जंगल पाठीशी, त्यामुळे राधानगर निवांत, पायाखाली मऊ वाळू. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा, दर दिवशी साधारण पाऊण तास पुढे सरकतं. आणि राधानगरला बाजूला नील्स कोव्ह म्हणून खाडीसारखा भाग आहे, दिसायला सगळ्यात शांत, पण तिथे मगरींमुळे पोहू देत नाहीत, पाटी लावलीय, ती पाळा.

राओपुरा :
आम्ही राधानगरला मेच्या शेवटी गेलो होतो, अजिबात निवांत नव्हतं! लाल झेंडा, लाटा डोक्यावरून, लाइफगार्ड गुडघ्याच्या पुढे जाऊ देईना. तुमचं वाचून वाटलं आपण वेगळ्याच बीचवर गेलो होतो की काय.

अलकापुरी :
बीच तोच, वारा फिरलेला. मेच्या शेवटी नैर्ऋत्य मोसमी सुरू होतो ना, तो पश्चिमेकडूनच येतो. तेव्हा पूर्वेकडे भरतीच्या वेळेला बघायला हवं होतं.

वारसिया :
बालीचं छोटंसं. कुटाला मुलगा (19, दणकट, सरदारबागेत रोज 40 लॅप) लाटा फुटत होत्या ती जागा टाळून मधल्या शांत पट्ट्यात शिरला. तोच पट्टा परत जाणाऱ्या पाण्याचा रस्ता होता, म्हणून तिथे लाट फुटत नव्हती. सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिला आणि जागेवरच, दमला. एका सर्फिंगवाल्याने ओरडून सांगितलं आडवा जा, किनाऱ्याला समांतर, मग सुटला. तेव्हापासून लाइफगार्डने पोहायची जागा दाखवायला लावलेले लाल-पिवळे झेंडे असतील तर त्यांच्या मधेच. उरलेले दिवस सानूरला काढले, तिथे बाहेर प्रवाळ आहे, लाट आतपर्यंत येत नाही.

मांजलपूर :
सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचं तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं, भाचाही होता, शेवटपर्यंत ऐकलं त्याने.

आता आमचं असं ठरतंय की डिसेंबरात दीवला वारा बहुतेक उत्तरेकडचा, म्हणजे नागोव्याला जमिनीकडून. पोहणं सकाळी सात ते दहा, पण मतलई आणि उत्तरेचा दोन्ही बाहेर ढकलणार, म्हणून ट्यूब माळ्यावरून काढलेली परत वर टाकली. मुलांबरोबर पाण्यात एकेक मोठं माणूस, त्यांच्यापेक्षा खोल बाजूला उभं. सासूबाईंना 72 पूर्ण झालीत, त्यांना नुसतं लाटेत बसायचंय, त्यांच्यासाठी दीवचाच घोघला बीच बघतोय, ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात ते आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालाय 2020 मध्ये, स्वच्छता आणि लाइफगार्ड नीट असतील अशी अपेक्षा. कोणी आजी-आजोबांना घोघल्याला नेलं असेल तर सांगा, पाण्यापर्यंत चालायला वाळू घट्ट आहे की पाय रुततात? त्यांचा गुडघा बदललेला आहे.