जपानी ‘४९९’ किनारी जहाज: सौद्याआधी काय तपासावं?

बडोदेकर_मालवाहतूक
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर, प्रेशर व्हेसल आणि स्टील प्लेट गुजरातच्या दहेज बंदरातून मुंबई-मंगळूरला समुद्रमार्गे न्यायचा विचार आहे. जपानमधल्या इमाबारीच्या दलालाने एक जहाज सुचवलंय: एकच होल्ड (मालाची कोठी), ४९९ ग्रॉस टन (आकारमानाची मोजणी), डेडवेट (जहाज पेलू शकतं ते एकूण वजन) १६०० टन, लांबी ७६ मीटर, हॅन्शिन या जपानी कंपनीचं इंजिन, वय १४ वर्षं. क्लास (वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र) नाही, फक्त जपान सरकारची तपासणी. क्लासवाल्या जहाजापेक्षा बरंच स्वस्त आहे. असं का?

फ्रीबोर्ड
स्वस्त दिसतंय तो फरक पुढे तुम्हालाच भरायचा आहे. ४९९ हा जपानच्या देशांतर्गत मोजणीचा आकडा. १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोजलं की तेच जहाज पाचशेच्या बरंच वर जातं आणि परदेशी फेरीला, म्हणजे भारतात आणतानाच, सोलासची (समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणपत्रं लागतात.

दुसरी गोष्ट डेडवेटची, आणि ती जास्त महागात पडते. १६०० टन हे जपानच्या किनारी क्षेत्रापुरत्या फ्रीबोर्डवर (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) धरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय लोडलाइन (जहाज किती बुडेपर्यंत भरता येईल त्याची खूण) घेताना हॅच कोमिंगची, म्हणजे होल्डच्या तोंडाभोवतीच्या कठड्याची उंची (उघड्या मुख्य डेकवर ६०० मिमी), दारांचे उंबरे, हवेची तोंडं सगळं मोजलं जातं. यात काही कमी पडलं तर फ्रीबोर्ड वाढवावा लागतो, ड्राफ्ट (पाण्यात बुडायची खोली) कमी मिळतो, माल घटतो. त्यामुळे १६००चा हिशेब मांडून भाव ठरवू नका.

जनरल अरेंजमेंट, मिडशिप सेक्शन, शेल एक्स्पान्शन हे जहाजाचे नकाशे आणि स्टॅबिलिटी (तोल) बुकलेट आयआरएसला, म्हणजे भारताच्या वर्गीकरण संस्थेला, आधी दाखवा. नकाशे मिळतच नसतील तर ते जहाज सोडा. डीजी शिपिंगच्या (भारत सरकारचं जहाज नियमन कार्यालय) जहाजाच्या वयाच्या अटीही आत्ताच विचारा. ट्रान्सफॉर्मर न्यायचा तर टँक टॉप (होल्डचा तळ) दर चौरस मीटरला किती टन झेलतो हे बघा. ४९९वर सहसा क्रेन नसते, म्हणजे दोन्ही बंदरांत क्रेन तुमची.

इंजिनरूम_६०हर्ट्झ
तपासणीला स्वतंत्र सर्व्हेयर न्या. क्रँकशाफ्ट डिफ्लेक्शन (इंजिनच्या मुख्य दांड्याचा वाक) थंड इंजिनवर घेऊन जुन्या नोंदींशी ताडून बघा. बॅलास्ट टँक (तोलासाठी पाणी भरायच्या टाक्या) आणि होल्डच्या फ्रेमचे खालचे ब्रॅकेट यांची जाडी अल्ट्रासोनिकने मोजा. ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) माल काढलेला असेल तर टँक टॉपला पोचे असतात, जड मालाला ते घातक. हॅच कव्हरची (होल्डच्या झाकणाची) गळतीसाठी अल्ट्रासोनिक चाचणीही हवी. नुसतं पाइपने पाणी मारून बारीक गळती नेहमी कळत नाही.

विजेकडे फार कमी लोक बघतात. या जहाजांवर बहुधा २२५ व्होल्ट ६० हर्ट्झ असतं, आपल्या धक्क्यावर ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झ. नुसत्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, फ्रिक्वेन्सी नाही. पूर्ण व्होल्टेजवर ५० हर्ट्झ दिलं की मोटर तापतात आणि पंप हळू चालतात. कन्व्हर्टर बसवा, नाहीतर जनरेटर चालू ठेवावा लागेल.

दस्तऐवज
करार निप्पॉनसेल या जपानी छापील नमुन्यावर आला तर तो विक्रेत्याकडे झुकलेला असतो, शक्यतो नॉर्वेजियन सेलफॉर्म २०१२ हा नमुना मागा. त्यात १० टक्के अनामत तीन बँक-दिवसांत भरायची असते. आपली बँक आगाऊ रकमेसाठी गॅरंटी किंवा स्टँडबाय एलसी (बँकेचं हमीपत्र) मागू शकते, म्हणून सही करण्याआधी बँकेत बोलून ठेवा. मुदत इथेच हुकते.

ताबा घेताना बिल ऑफ सेल (विक्रीपत्र) नोटरी आणि अपोस्टिलसह (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) घ्या. जपानमध्ये मालकीची नोंद लीगल अफेअर्स ब्युरोत आणि राष्ट्रीयत्वाची परिवहन ब्युरोत, अशी वेगवेगळी असते. दोन्ही रद्द झाल्याचे दाखले हवेत. उरलेलं इंधन आणि सीलबंद ड्रममधलं वंगण यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

जपान ते सिंगापूर सुमारे २,७०० आणि पुढे मुंबई सुमारे २,४५० सागरी मैल. ११ नॉटने निव्वळ २० दिवस. पावसाळ्यातले जून ते सप्टेंबर टाळा.

बडोदेकर_मालवाहतूक
मनापासून आभार. ओहोटीला भावनगरकडे जहाज चिखलावर बसलं तर चालेल का?

फ्रीबोर्ड
तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. तळ सपाट आहे म्हणून बसवू नका. क्लास आणि विमा, दोघांची लेखी परवानगी आधी घ्या. बसल्यावर समुद्राचं पाणी घेणारी तळाची तोंडं चिखलाने बुजतात आणि जनरेटरचं थंड पाणी बंद होतं. वरच्या बाजूचं सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारी पेटी) आहे का, हे नकाशात आजच बघा.