काकांना कानाचं भोक दिसलं नसतं तर त्या दुसऱ्या पोराचं काय झालं असतं?

बर्फवाला_वेंगुर्ला

मंडळी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे आमच्या बर्फाच्या कारखान्यातही सामसूम. दिवसाला पाच-दहा लाद्या निघाल्या तर निघाल्या. रिकामा माणूस आणि मोबाईल, त्यातून हा धागा.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. सुनील गावसकरांनीच ती 'सनी डेज'मध्ये लिहिली आहे. १० जुलै १९४९ ला मुंबईत जन्म. पहिल्या दिवशी नन-काका, म्हणजे नारायण मसुरेकर, बाळाला बघून गेले. डाव्या कानाच्या पाळीवर, वरच्या अंगाला, बारीकसं भोक त्यांच्या नजरेत राहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन बाळ उचललं तर भोक गायब! मग इस्पितळभर शोधाशोध. बाळ सापडलं ते एका कोळणीच्या शेजारी, गाढ झोपलेलं. अंघोळ घालताना अदलाबदल झाली असावी, असा त्यांचा अंदाज. काका नसते तर आपण पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी अनोळखी मच्छीमार म्हणून राबत असतो, असं त्यांनी म्हटलंय.

'राबत' मान्य. 'अनोळखी' का, ते माझ्या वडिलांना कधीच पटलं नाही. आमच्या वाडीतल्या चांगल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, देवगडपासून पार गोव्यापर्यंत लोक नावाने ओळखत. असो.

ही गोष्ट सांगणारा दर वेळी एकच हळहळ काढतो: अरेरे, भारताच्या १०,१२२ धावा गेल्या असत्या, ३४ शतकं गेली असती. अहो, पण बाळं दोन होती ना? एक कोळीवाड्यात गेलं असतं, तर दुसरं ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलं असतं. घरात टेनिसच्या बॉलने गोलंदाजी करणारी आई, कसोटी खेळलेले माधव मंत्री सख्खे मामा. त्या पोराचं काय झालं असतं, यावर आजवर कुणी चार ओळी लिहिलेल्या मी वाचल्या नाहीत. तुम्ही लिहा. नियम एकच: अदलाबदल कुणाच्या कधीच लक्षात आली नाही असं धरायचं.

माझी सुरुवात. उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे होडीत उभं राहायला उत्तम. लाटेवर बुटका माणूस कमी डगमगतो. आणि ज्याने १९७५ ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपच्या सामन्यात ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ काढल्या, त्याला रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर धरून तासभर गप्प बसायला काहीच जड गेलं नसतं. तेव्हा तो सामना बघणारे चिडले म्हणतात. रापणीवर त्याच गुणाला वाटा मिळतो.

कसोटीवेडा_गुहागर

आधी हिशेब. १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा. गावसकर पहिल्या कसोटीत नव्हतेच, बोटाचं दुखणं होतं. उरलेल्या चार कसोटींत ७७४ धावा. ते नसते तर आपण ती मालिका जिंकलो नसतो, असं लोक डोळे झाकून म्हणतात. थांबा. दिलीप सरदेसाईंनी त्याच मालिकेत ६४२ केल्या. पहिल्या कसोटीत २१२. आपण जिंकली ती पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी, तिथे ११२. माणूस मडगावचा, म्हणजे तुमच्या वेंगुर्ल्यापासून हाकेवरचा. एक किनारपट्टीवाला समुद्रावर गेला असता तरी दुसरा उभा होताच.

अडचण शेवटच्या कसोटीची. गावसकरांनी दाढ ठणकत असताना १२४ आणि २२० काढल्या म्हणून ती अनिर्णित राहिली. ती हरलो असतो तर मालिका १-१. कप्तान वाडेकरांची मिरवणूक निम्मी. मग त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जिंकायला निघालेला संघ त्याच आत्मविश्वासाने विमानात चढला असता का? मला शंका आहे.

दुसऱ्या पोराबद्दल: मामा मंत्री असले म्हणून कुणी सलामीवीर होत नाही. मंत्र्यांच्या इतर भाचरांनी कुठे शतकं ठोकली? फार तर क्लबकडून खेळून बँकेत लागला असता.

माहेर_वरळी_सासर_हर्णै

पुरुष मंडळी धावा मोजत बसलीत म्हणून लिहिते. माहेर माझं वरळी कोळीवाडा, आता हर्णैला लिलावात बसते.

पहिली गोष्ट, तुमचा नियमच कच्चा आहे. काकांना भोक दिसलं नसतं तरी कोळणीने पोर ओळखलं असतं. दोन दिवसांत घरी नेऊन अंगाला लावलं की वासावरून कळतं. आमच्यात जन्मल्या-जन्मल्या सासू, नणंदा, शेजारणी पोराला उलटसुलट करून बघतात. नाक कुणाचं, बोटं कुणाची. एका काकाच्या जागी आमच्याकडे चौदा काकवा.

दुसरी गोष्ट, तुम्ही सगळे बापाचा धंदा धरून बसलात. मासा मारतो तो पुरुष, पण पैसा करते ती बाई. कोळणीचं पोर पहाटे आईबरोबर बाजारात जातं. पाटीतल्या वाट्यांचा हिशेब तोंडी, गिऱ्हाईक घासाघीस करतंय की खरंच निघालंय हे पावलावरून ओळखायचं. गावसकर खेळाडूंच्या पैशांसाठी मंडळाशी भांडायला कचरत नव्हते, असं माझे दीर सांगतात. माझ्या आजीच्या हाताखाली असते तर मंडळच विकून आले असते!

आणि त्या चिखलवाडीतल्या पोराची मला काळजी वाटते. रविवारी वरण-भात समोर आला की त्याला का बरं रडू येतंय, हे त्या घरात कुणालाच कळलं नसतं.

बर्फवाला_वेंगुर्ला

ताई, गावसकरांच्या घरात रविवारी वरण-भात? पोर सुरमईवरच वाढलं असतं, काळजी नसावी. बाकी चौदा काकवा मान्य.

मैदानावरचा_म्हातारा

मी कांगा लीगमध्ये खालच्या गटात अकरा मोसम काढले. आता निवृत्त होऊन दापोलीला आंबे राखतो. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत आणि पुढे निघून गेलात. तारीख. १० जुलै.

१० जुलै म्हणजे आषाढ. होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या. १९४९ ला सरकारी बंदी वगैरे नसेल, पण दर्याच बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी मोकळा. मुंबईत बाकी क्रिकेट बंद असतं तेव्हाच कांगा लीग चालू होते, भर पावसात, १९४८ पासून. म्हणजे जगात एकच क्रिकेट असं आहे, जे मच्छीमाराच्या सुट्टीत बसतं, आणि ते सुरू झालं त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात हे पोर जन्मलं.

आता बघा. कोळीवाड्यातला सुनील वर्षातले दहा महिने दोर ओढतोय. मनगटं, खांदे, पाठ. उरलेले दोन महिने आझाद मैदानावर. खेळपट्टी उघडी, भिजलेली. चेंडू एकदा थांबतो, एकदा उसळतो. गवत घोट्याच्या वर. जमिनीवरून मारलेला सुंदर कव्हर ड्राइव्ह वीस पावलांवर चिखलात रुतून बसतो, धाव एक. शेजारच्या सामन्याचा स्लिप आपल्या मिडविकेटला पाठ लावून उभा. तिथे धावा हव्यात तर चेंडू हवेत. आमच्याकडे जो तो उचलून मारायला शिकायचा, नाहीतर डाव संपेस्तोवर वीस.

म्हणून माझं म्हणणं, कोळीवाड्यातला गावसकर ३६ नाबादवाला झालाच नसता. तो षटकार मारणारा झाला असता. आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्यात सोडून दुसऱ्या दिवशी गायब. लीगचे उरलेले सामने त्याच्याविना. कप्तान बोंबलत बसला असता.

कॅसेटवाला_मालवण

खेळाचं झालं, गाण्याबजावण्याचं कोण बघणार? १९८० ला 'सावली प्रेमाची' नावाच्या मराठी चित्रपटात गावसकर नायक होते, विसरलात? आणि शांताराम नांदगावकरांच्या शब्दांवर त्यांनी गायलेलं ते क्रिकेटचं गाणं आमच्या दुकानात रेकॉर्डवर वाजायचं. आवाज यथातथाच, पण लोक थांबून ऐकायचे.

आता उलटा. कोळीवाड्यात वाढलेला माणूस गाणार म्हणजे कोळीगीतच, आणि तेही तालात, कारण हळदीला नाचल्याशिवाय तिथे कुणी मोठा होत नाही. क्रिकेटमुळे मिळालेली ती एक रेकॉर्ड गेली असती, पण लग्नाच्या वरातीत सत्तर वर्षं वाजतील अशी दोन-चार गाणी आली असती. सौदा वाईट नाही.

त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने १९७१ नंतर गावसकरांवर कॅलिप्सो रचली, ती सरदेसाईंवर रचावी लागली असती. 'सरदेसाई' यमकात बसतं की नाही ते त्याने बघावं. आणि वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून पोराचं नाव रोहन ठेवलं, ते नाव राहिलं असतं का? कोळीवाड्यात यानेही एखाद्या खेळाडूचंच नाव ठेवलं असतं, पण आजीने ते बदलून खंडोबाचं ठेवलं असतं.

एक मात्र रुखरुख. तेंडुलकर पहिल्या कसोटीत गावसकरांनी दिलेले पॅड बांधून उतरला होता. कोळी सुनीलने त्याला काय दिलं असतं? फार तर एक पापलेट.

नांगरलेली_होडी

सगळं छान. पण आज जन्मला असता तर रापण कुठे, मासा कुठे? पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, किनाऱ्याला येऊन सगळं उपसून नेतात. क्रिकेटमध्येच बरा होता तो.

बर्फवाला_वेंगुर्ला

नांगरलेली_होडी, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

मैदानावरचे आजोबा, तारखेचं तुम्ही दाखवलंत आणि मी काल रात्री झोपलोच नाही. माझ्या प्रश्नामागे काय होतं ते आता सांगूनच टाकतो.

मी रापणकराचा मुलगा. आमची खेळपट्टी म्हणजे ओहोटीची ओली वाळू. पाणी मागे गेलं की दीड-दोन तास ती सिमेंटसारखी घट्ट राहते, मग पाय रुतायला लागतात. डावाची लांबी चंद्र ठरवायचा. बॅट सुरूच्या लाकडाची, बॉल टेनिसचा. चौदा-पंधराचा असताना जिल्ह्याच्या ठिकाणी निवड चाचणी होती. नेमकी त्या पहाटे बांगड्याची चाहूल लागलेली. रापणीला माणूस कमी पडला की घराचा वाटा कमी. तरी वडील म्हणाले, "जा. दोर मी वढतंय." पॅड शाळेतल्या सरांच्या मुलाचा, तोही एकच, डाव्या पायाचा.

लेदर बॉल मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. सुक्या सुपारीसारखा टणक, आणि शिवण नखाला लागणारी. टेनिसचा बॉल वाळूवर छातीपर्यंत येतो, त्यामुळे माझी बॅट वरच तयार. हा आला तो सरपटत. पहिला बॅटच्या खालून थेट यष्टीवर. दुसरा कसाबसा पायावर घेतला, पॅड नसलेल्या. तिसरा पुन्हा खालून. घेणाऱ्या सरांचा काही दोष नाही, त्यांच्यापुढे साठ पोरं होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुणाकडे शिकतोस?"

मी म्हटलं, "ओहोटीवर."

ते हसले, मीही हसलो, एसटी पकडून संध्याकाळी घरी आलो. वडिलांच्या दोन्ही तळहातांवर दोराचे फोड होते. जाळ्यात बांगडा नव्हताच, सगळे पेडवे.

म्हणून कसोटीवेडा, तुमचं ते 'मामा असले म्हणून कुणी सलामीवीर होत नाही' मला अर्धंच पटतं. गावसकर लहानपणी मंत्री मामांच्या कपाटातला भारताचा स्वेटर मागायला गेले, तर मामा म्हणाले, हा मिळवावा लागतो. माझ्या मामाने मला फाटलं जाळं शिवायला शिकवलं, आणि तेही मिळवावंच लागतं. पण ज्याला स्वेटर कपाटात रोज दिसतो, त्याला तो कुठल्या दुकानात मिळत नाही एवढं तरी कळतं. मला चाचणीच्या दिवसापर्यंत बॉल कशाचा असतो ते माहीत नव्हतं. चिखलवाडीतल्या त्या कोळ्याच्या पोराने १०,१२२ काढल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण पहिला चेंडू त्याच्या बॅटच्या खालून गेला नसता.

हल्ली मे महिन्यात अंडरआर्म टुर्नामेंटला मी माईक धरतो. बक्षीस बोकड आणि रोख. पोरं जे काय फिरवतात, बघून थक्क व्हायला होतं.

काल हे सगळं आयेला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हर्णैच्या ताईंचं तिला पटलं, कांगा लीगचं काही कळलं नाही, पापलेटावर हसली. मग म्हणाली, "आणि त्या कोळणीक कोणी सांगल्यान तरी काय, तुझो झील एक दिस दुसऱ्याकडे होतो म्हणान?"

मी म्हटलं, "आये, ती झोपली असतली."

"बाळतीण झोपता खंय," म्हणाली, आणि सुक्या बांगड्यांचा डबा काढायला उठली.