माझ्या नावाचे खोटे चेक, वसुलीची पत्रं मला. काय करू? (अमेरिका)

उन्हाची_तिरीप

नमस्कार. अमेरिकेत राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. कुणी यातून गेलं असेल तर फारच बरं.

तीन आठवड्यांपूर्वी एका वसुली एजन्सीचं पत्र आलं. मी कुठल्याशा दुकानात ३१२ डॉलरचा चेक दिला, तो वटला नाही, तर दंडासकट ३४७ डॉलर भरा, असा मजकूर. त्या दुकानात मी कधी गेलेले नाही. दुकान ज्या राज्यात आहे तिथेही नाही. चेक ज्या बँकेचा आहे तिथे माझं खातंच नाही! चुकून आलं असेल म्हणून पत्र फ्रिजवर अडकवून विसरून गेले.

परवा फोन आला. पलीकडच्या माणसाने माझ्या सोशलचे (सोशल सिक्युरिटी नंबर, इथला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे खडाखडा म्हणून दाखवले आणि पोटात गोळा आला. म्हणजे कुणीतरी माझ्या नावाने खातं उघडून चेकबुक घेतलंय. ‘हे माझं नाही’ असं तीनदा सांगितलं. तो म्हणाला, ‘सगळे असंच म्हणतात.’

नवरा म्हणतो, साडेतीनशे डॉलरसाठी डोक्याला ताप नको, भरून टाक. मला पटत नाही, पण दोन दिवसांत तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मन डळमळलं. काय करावं?

व्यवहारी_वाघ

तुमच्या नवऱ्याशी सहमत. महिनोन्महिने पत्रव्यवहार करण्यापेक्षा भरा आणि मोकळे व्हा. वेळेलाही किंमत असते.

कोरा_कागद

वाघोबा, राग मानू नका, पण हा सल्ला घातक आहे.

ताई, एक सेंटही भरू नका. पैसे भरले की देणं तुमचंच होतं असा अर्थ लावायला ते मोकळे. जुन्या देण्यावर थोडी रक्कम भरली तरी बऱ्याच राज्यांत दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. आणि चेकबुकात काय एकच चेक असतो? आज हा भरलात तर उद्याच्या चार चेकांना काय उत्तर देणार?

दुसरं म्हणजे फोनवर बोलणं बंद. फोनवर ‘माझं नाही’ म्हणण्याला कायद्याचं खरं बळ नाही, लेखी हरकतीला आहे. १९७७चा फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट सांगतो की वसुलीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. तुमचे तीन आठवडे फ्रिजवर गेलेत. पत्र कधी हातात पडलं ते नेमकं सांगा.

उन्हाची_तिरीप

आज २३वा दिवस. बापरे.

कोरा_कागद

मग उद्या पोस्टात जा. सर्टिफाइड मेल, पोचपावतीसकट. पोचपावतीचं ते हिरवं कार्ड सहीसकट परत आलं की जपून ठेवा.

पत्र लांबवू नका. आपली कर्मकहाणी सांगायची खुमखुमी येते, मलाही आली होती, दोन पानं लिहून फाडली. एवढंच लिहा: तुमच्या अमुक संदर्भ क्रमांकाचं देणं मला मान्य नाही. हे खातं मी उघडलेलं नाही, हा चेक मी लिहिलेला नाही, मी ओळखचोरीची बळी आहे. चेकच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि मूळ धनकोचं (ज्याचे पैसे थकलेत त्याचं) नाव-पत्ता पाठवा. यापुढे फक्त लेखी संपर्क करा. बास. पूर्ण सोशल लिहायचा नाही, आपल्या खऱ्या खात्याचा नंबर तर मुळीच नाही.

जुनी_वही

कोरा_कागद यांना अनुमोदन. काही वर्षं बँकेत चेक फसवणुकीच्या विभागात काढली आहेत म्हणून थोडी भर घालते.

खोट्या चेकचे दोन प्रकार असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला, तुमच्या खऱ्या खात्याचा चेक चोरून खोटी सही. तिथे भांडण तुमच्या बँकेशी. तुम्ही न केलेल्या सहीवर पैसे देण्याचा बँकेला अधिकार नसतो, तुमचा निष्काळजीपणा नडला नसेल तर ते पैसे तिने परत करायचे. दुसरा, तुमच्या नावाने चोराने उघडलेलं खातं. तुमचा प्रकार हा. इथे तुमच्या खिशातून काही गेलेलं नसतं, म्हणून कुणाला घाई नसते, आणि तुमच्या नावाची मात्र पार वाट लागत असते.

त्यात गंमत अशी की हे नेहमीच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही. बँक खात्यांची कुंडली वेगळीकडे असते. ती ठेवणाऱ्या चेक्ससिस्टम्स या कंपनीकडून आपला रिपोर्ट फुकट मागवा. कुठल्या बँकेने तुमच्या नावावर बंद खातं आणि थकबाकी दाखवली आहे ते तिथे कळेल. ती नोंद पाच वर्षं राहते आणि तेवढ्यावरून नवीन खातं नाकारलं जाऊ शकतं. दुकानदार चेक घेताना टेलीचेक किंवा सर्टेजी या चेक तपासणाऱ्या कंपन्यांकडे विचारतात, त्यांनाही कळवा. नाहीतर एक दिवस किराण्याच्या रांगेत तुमचा खरा चेक नाकारला जाईल आणि मागचे लोक तुमच्याकडे बघतील.

पण सगळ्यात आधी आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर तक्रार करा. फेडरल ट्रेड कमिशन (एफटीसी) या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेची आहे. तिथे तयार होणारा अहवाल छापून घ्या, तुमचं मुख्य हत्यार तेच. मग तो घेऊन स्वतःच्या गावच्या पोलिसांकडे जा. चोरी कुठल्या राज्यात झाली हा प्रश्न नाही, तुम्ही राहता तिथे तक्रार नोंदवायची. काउंटरवर टाळाटाळ झाली तर शांतपणे उभं राहा आणि रिपोर्टचा नंबर घेतल्याशिवाय हलू नका.

सांडलेली_शाई

जुनी_वही म्हणतात त्या पहिल्या प्रकाराशी मिळताजुळता माझा किस्सा, फक्त सही खरी होती. रस्त्यावरच्या टपालपेटीत टाकलेला चेक चोरीला गेला. माझी सही तशीच ठेवून नाव आणि रक्कम धुऊन नवीन लिहिली होती. ८५चे ८५०० झाले. स्टेटमेंट दोन महिने उघडलंच नव्हतं, बँकेने त्यावर बोट ठेवलं. कायद्यात बाहेरची मर्यादा साधारण एक वर्षाची, पण खातं उघडताना आपण न वाचता सही करतो त्या करारात ती बऱ्याचदा ३० किंवा ६० दिवसांवर आणलेली असते. शेवटी पैसे मिळाले, पण घाम निघाला. तेव्हापासून चेक लिहायला फक्त जेल पेन, ती शाई धुतली जात नाही सहजी. अवांतराबद्दल क्षमस्व.

उन्हाची_तिरीप

खूप खूप आभार सगळ्यांचे. पत्र गेलं. एफटीसीचा अहवाल झाला. पोलिसांकडे पाऊण तास बसवलं, पण नंबर मिळाला.

एक प्रश्न. फोनवाला म्हणाला होता की खोटा चेक हा फौजदारी गुन्हा आहे, अटक होऊ शकते. खरंच?

कोरा_कागद

जाणूनबुजून खोटा चेक देणं गुन्हा आहेच, पण तो चोराने केलाय. पैसे काढण्यासाठी अटकेची पोकळ धमकी देणं त्याच १९७७च्या कायद्यात बसत नाही. तारीख, वेळ, शब्द न् शब्द वहीत लिहा. कायदा मोडल्याबद्दल एक वर्षाच्या आत त्यांच्यावर दावा करता येतो. नुकसान सिद्ध झालं नाही तरी कोर्ट १००० डॉलरपर्यंत देऊ शकतं, वर वकिलाचा खर्चही, त्यामुळे असे खटले घेणारे वकील सापडतात. आत्ता वकिलाची गरज नाही. मात्र कोर्टाचं समन्स आलं तर त्याच दिवशी वकील गाठा. ‘माझं नाहीच तर मी कशाला जाऊ’ म्हणून लोक घरी बसतात, एकतर्फी निकाल लागतो आणि मग पगारातून कापले जातात.

जुनी_वही

आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ज्या बँकेत खोटं खातं उघडलं तिला फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टच्या कलम ६०९(ई)खाली पत्र लिहा. ओळखीचा पुरावा, पोलीस रिपोर्ट आणि एफटीसीचा अहवाल जोडलात की खातं उघडतानाचा अर्ज आणि व्यवहारांच्या प्रती ३० दिवसांत फुकट द्याव्या लागतात. चोराने कुठला पत्ता, कुठला फोन दिला ते त्यात दिसतं.

इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमचा रिपोर्ट कुलूपबंद होतो आणि तुमच्या नावाने नवीन कर्ज काढणं अवघड होतं. २०१८पासून फुकट आहे. चेक्ससिस्टम्सवरही वेगळा फ्रीझ लागतो, तो विसरू नका.

मधली_सुट्टी

वाखुसा (वाचनखूण साठवली). धाग्याबद्दल धन्यवाद.

उन्हाची_तिरीप (दोन महिन्यांनी)

मंडळी, खबर द्यायला आले.

चेकची प्रत आली. लिफाफा उघडून आम्ही दोघं बघत बसलो आणि मला चक्क हसू फुटलं. माझी सही मराठीत आहे! बारावीनंतर पहिलं खातं काढलं तेव्हापासून. पासपोर्टवर, लायसन्सवर, इथल्या बँकेत, सगळीकडे. एकदा इथल्या कॅशियरने विचारलंही होतं की हे चित्र आहे का. आणि या चेकवर गोल गोल वळणदार इंग्रजी सही, तीही आडनावात एक ‘एच’ जास्त घालून. पासपोर्ट आणि लायसन्सच्या सहीच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून एकाच पानावर काढल्या आणि एजन्सीला धाडल्या, पुन्हा सर्टिफाइड. १७ दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं: फाइल बंद. माफी वगैरे काही नाही.

बँकेकडून अर्जही मिळाला. खातं ऑनलाइन उघडलेलं. जन्मतारीख बरोबर, सोशल बरोबर, नोकरी ‘नर्स’. मी नर्स नाही. चेक्ससिस्टम्समधली नोंद हरकतीनंतर निघाली.

नवऱ्याने आता फाइलवर लेबलं लावलीत. भरून टाक म्हणणारा हाच का तो, असा प्रश्न पडतो.

पण काल दुसऱ्या एजन्सीचं पत्र आलं. दुसरं दुकान, चेक नंबर आधीच्यापेक्षा चारने पुढचा, १८९ डॉलर. म्हणजे मधले तीन अजून यायचेत बहुतेक.

व्यवहारी_वाघ

माझा सल्ला मागे घेतो.

जुनी_वही

तेच पत्र, नाव आणि संदर्भ क्रमांक बदलून. या वेळी एफटीसीचा अहवाल, पोलीस रिपोर्ट आणि पहिल्या एजन्सीचं फाइल बंदचं पत्र आधीच जोडा. ही फसवणूक असू शकते असं कळवलंत की एजन्सीला ते मूळ धनकोलाही कळवावं लागतं. क्रेडिट रिपोर्टवर यातलं काही उमटलं असेल तर ब्युरोकडून ब्लॉक करून घ्या. कागदपत्रं पूर्ण असतील तर चार कामकाजाच्या दिवसांत करावं लागतं, आणि तशी सूचना मिळाल्यावर ते देणं पुढे कुणाला विकता येत नाही.

आणि ते सह्यांचं पान. त्याच्या दहा प्रती काढून ठेवा.

उन्हाची_तिरीप

वीस काढल्या. या वेळी फ्रिजवर काही अडकवलेलं नाही, उद्या सकाळी पोस्टात.