अण्णांचे कोल इंडियाचे १५० शेअर: ठेवू, वाढवू की विकू?

जेलरोडची

नमस्कार. शेअरमधलं मला फार कळत नाही, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझे वडील एका औष्णिक केंद्रात कोल हँडलिंगला होते (कुठल्या ते राहू द्या). रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला, जेलरोडला आलो. २०१० च्या ऑक्टोबरात कोल इंडियाचा, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचा, इश्यू (लोकांना शेअर विक्री) आला, तेव्हा अण्णांनी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा शेअरचा अर्ज भरला. "तीस वर्षं त्याची धूळ खाल्ली, आता थोडा मालक होतो," म्हणाले. भाव २४५ होता, छोट्या अर्जदारांना पाच टक्के सूट होती. २३२ रुपये ७५ पैशांनी १५० शेअर मिळाले, पस्तीस हजारसुद्धा पुरे लागले नाहीत.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. शेअर आता आईच्या नावावर आहेत. लाभांश जमा झाल्याचा मेसेज आला की आई म्हणते, "यांचा पगार आला बघ."

आता मुद्दा. आईची दोन लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. माझे दीर म्हणतात, सगळे कोल इंडियातच टाका, एवढा लाभांश कुठली बँक देणार? माझी मुलगी पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकते. ती म्हणते, "आजी, आहेत तेही विक. आजोबांचा खोकला विसरलीस का?"

खोकला कोण विसरेल? पण मला आधी कुरडया आठवतात. कॉलनीत उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया घालायची आणि वरून जुनं लुगडं पसरायची. संध्याकाळी लुगडं झटकलं की राखाडी लोट उठायचा. खाली कुरडया पांढऱ्याशुभ्र, फक्त लुगडं जिथे विरलं होतं तिथल्या दोन-चार करड्या. त्या वेगळ्या तळल्या जायच्या आणि अण्णाच खायचे. त्याच कोळशावर आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं झाली, हेही खरं.

तर सांगा, काय करू?

पंचवटीचा सबब्रोकर

ताई, दिरांना एवढंच विचारा: लाभांश कुठल्या वर्षीचा म्हणताय? २०१३-१४ ला शेअरमागे २९ रुपये होता. २०१९-२० ला १२. २०२४-२५ ला साडेसव्वीस. बँक व्याज कमी करते, पण एफडी चालू असताना मध्येच निम्म्यावर आणत नाही.

भावाचं ऐका. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने आपला दहा टक्के हिस्सा बाजारात काढला, किमान भाव ३५८. आमच्याकडच्या दोघांनी हौसेने घेतला. त्या वर्षी चारशेच्या वर गेलासुद्धा, दोघांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग जो घसरला तो २०२० मध्ये ११० च्या आसपास. ३५८ पुन्हा दिसायला २०२३ चा शेवट उजाडला. त्यातला एक तोवर कंटाळून विकून मोकळा झाला होता. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हाच कागद ५४० च्या वर! याला पेन्शन म्हणू नका.

असं का होतं? बहुतेक कोळसा वीज कंपन्यांना लांब मुदतीच्या कराराने ठरलेल्या दरात जातो. नफा वरखाली करतो तो ई-लिलावाचा, म्हणजे ऑनलाइन बोलीने विकलेला कोळसा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, जगभर कोळसा महागला, लिलावातले भाव चढले आणि नफा उडाला. शिवाय मालक सरकार, ६३ टक्के. त्यांना पैसा लागला की लाभांश घसघशीत. आणखी लागला की हिस्सा विक्रीला, जसा जून २०२३ मध्ये ३ टक्के काढला, किमान भाव २२५.

अण्णांचे मूळ पैसे मात्र इतक्या वर्षांच्या लाभांशातच वसूल होऊन वर उरलेत, हे आईंना सांगा. विकायचेच ठरले तर टॅक्सची धास्ती नको. १५० शेअरवरचा नफा दीर्घ मुदतीच्या सव्वा लाखाच्या सवलतीत बसतो, आणि वारसाने आलेल्या शेअरला अण्णांचीच खरेदी किंमत आणि तारीख धरतात.

ओढ्याचा निवृत्त इंजिनिअर

मी वीज केंद्रात ऑपरेशनला होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. २१० मेगावॅटचा संच फुल लोडला चालला तर दिवसाला साडेतीन हजार टन खातो. म्हणजे ५८ डब्यांची जवळजवळ अख्खी मालगाडी. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात असे तीन संच आहेत, १९७९ ते १९८१ च्या सुमाराचे. १४० चे दोन केव्हाच निवृत्त झाले, माझ्याआधी. कोळशाची मालगाडी दिसली की मी अजून डबे मोजतो, बायको हसते.

सौर-पवन मिळून क्षमता वाढली म्हणतात, खरंच आहे. २०२५ च्या मध्यावर देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, झाली. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. प्रत्यक्ष युनिटं मोजली तर अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. मे २०२४ मध्ये मागणी २५० गिगावॅटला भिडली होती. दुपारी सूर्य हात देतो, संध्याकाळी सातला सगळ्या घरांत दिवे, पंखे, कूलर लागतात तेव्हा कंट्रोल रूमला कोळसाच आठवतो. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये आपण कोळसा "बंद" ऐवजी "कमी" करू म्हणालो, त्याचं मूळ या संध्याकाळच्या सातमध्ये आहे.

म्हणून शेअर घ्या, असं मात्र माझं म्हणणं नाही. लोक "कोळसा संपणार का" यावर भांडतात. शेअर घेणाऱ्याने विचारायचं ते "ही कंपनी जास्त विकणार का". २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. त्याच वर्षी कोल इंडियाचं ७७.४ कोटींवरून ७८.१ कोटी, जेमतेम एक टक्का. वाढ गेली इतरांच्या खाणींत. २०२० पासून खासगी कंपन्यांना बाजारात कोळसा विकण्यासाठीही लिलावात खाणी मिळतात. मोठी मागणी आणि मोठा शेअर या दोन गोष्टी आहेत.

दिंडोरीचा बागायतदार

शेअरचं मला काही कळत नाही, पण विजेचं कळतं. आधी रात्रीची लाइन. मोटर चालू करायला जायचं म्हणजे हातात बॅटरी, खांद्यावर काठी, मनात बिबट्या. आता आमचा फीडर (शेतीची वीजवाहिनी) सौरवर, दिवसा पाणी देतो. म्हणजे कोळशाचं एक गिऱ्हाईक गेलं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढला की प्रीकूलिंग, म्हणजे माल गार करणं, रात्रभर चालतं, द्राक्ष सूर्याची वाट बघत नाही. ते गिऱ्हाईक अजून तिथेच आहे. इंजिनिअर काका म्हणतात ते पटलं.

जेलरोडची

सगळ्यांचे आभार. काल आईला आणि मुलीला (फोनवर) हे सगळं वाचून दाखवलं.

मुलगी म्हणाली, सबब्रोकर दादांचं आणि काकांचं ठीक आहे, पण नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २०१६ पासून कोळशावर जास्त अवलंबून असलेल्या कंपन्या वगळायला सुरुवात केली, ते काय वेडे आहेत? मी म्हटलं, आपण १५० शेअर विकले तर ते दुसरा कुणी घेईल, खाणीतून एक टोपलं कमी निघणार नाही. ती म्हणाली, "मग आपण घेतलेत म्हणून तरी जास्त निघतो का? मग कशाला हवेत?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

आईने मात्र एकच विचारलं: "पगार कमी-जास्त होणार म्हणता ना?" मी हो म्हटलं. "मग दोन लाख परत एफडीत टाक. मला दर महिन्याला औषधं लागतात, ती कमी-जास्त होत नाहीत." अण्णांचे शेअर का नाही विकत, हे विचारायचं धाडस मुलीनेच केलं. आई म्हणाली, "ते माझे कुठे आहेत?" आणि कुकर बघायला उठली.

तर १५० तसेच. एफडी तशीच. मुलगी नाराज आहे, दिरांना अजून सांगितलेलं नाही. भाऊजी, तुम्ही इथे वाचत असाल तर रविवारी जेवायला या, कुरडया तळते, मग बोलू.