घोडा सांभाळून पोटापाण्याचं काय केलंत? तुमचे अनुभव हवेत

लेक बारावीला आहे, सायन्स. नवव्या वर्षी सुट्टीतल्या शिबिरात खोगिरावर बसली, ती अजून उतरायला तयार नाही. आता एक मीटरच्या उड्या घेते, गेल्या थंडीत तीन स्पर्धा केल्या. घोडा आमच्या एकट्यांचा नाही, दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर खर्च आणि दिवस वाटून घेतो. मी आणि हे, दोघंही बँकेत.

घरात सध्या एकच विषय. पुढे काय शिकायचं? नातेवाईक म्हणतात, आधी करिअर, मग पाच-सहा वर्षांनी घोडा आहेच. पण पाच-सहा वर्षं घोड्यावर बसलं नाही की मांड (घोड्यावरची पक्की बैठक) जाते, आणि गेलेली मांड परत बसवायला किती वेळ लागतो ते मी आजारपणानंतर हिच्याच बाबतीत पाहिलंय.

म्हणून विनंती. नोकरी-धंदा सांभाळून ज्यांनी स्पर्धा केल्या, किंवा करायच्या राहून गेल्या, त्यांनी लिहा. पगार सांगू नका. किती वाजता उठता, तबेल्यात कधी पोचता आणि तुमची सुट्टी कोणाच्या हातात असते, तेवढं सांगा.

सीए, पुणे

ताई, लेकीला सांगा, कुठल्याही धंद्याचं वर्ष कसं फिरतं ते आधी बघ. मी हे फार उशिरा शिकलो. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तेव्हा तीन वर्षांची होती (आता दोन झाली आहे). त्या काळात घोड्यावर बसायचो ते फक्त रविवारी, तेही ऑडिटला बाहेरगावी नसलो तर. पुढे दोन वर्षं एका मोठ्या फर्ममध्ये काढली. साहेब रात्री अकराला फाइल पाठवायचे आणि सकाळी नऊला विचारायचे. त्या दोन वर्षांत मी घोडा विकला. हे लिहितानाही हात थांबतो.

मग स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि दिसलं की आमचं वर्ष आणि घोड्याचं वर्ष एकमेकांत छान बसतं. ३१ जुलैची रिटर्न, ३० सप्टेंबरचा टॅक्स ऑडिट अहवाल, ३१ ऑक्टोबरची ऑडिटवाल्यांची रिटर्न, सगळी गर्दी या चार महिन्यांत. त्यातले बरेच दिवस पुण्यात पाऊस, मैदानात चिखल, घोड्याला हलकं काम. (रेसचा पुण्यातला मोसम नेमका पावसाळ्यात असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. ते जग वेगळं.) उड्यांच्या स्पर्धा थंडीत रंगतात, आणि तेव्हा माझ्या टेबलावर मुख्यतः जीएसटी असतं. ११ आणि २० तारीख सांभाळली की घोड्याची गाडी ठरवायला मी मोकळा. एका वर्षी ऑडिटला मुदतवाढ मिळाली. सगळे अशील खूश झाले आणि माझी एक स्पर्धा गेली. असंही होतं.

सव्वापाचला तबेल्यात असतो. साईसाने (घोडा सांभाळणाऱ्याने) चंदी, म्हणजे दाणा, चारला दिलेली असते, कारण भरल्या पोटी घोडा कामाला काढायचा नसतो. पोचल्यावर अर्धा तास मी स्वतः खरारा करतो, खुरं साफ करतो. हे काम साईस माझ्यापेक्षा चांगलं करतो, तरी मी सोडत नाही. पायावरून हात फिरवताना एखादी नळी किंचित गरम लागते, पाठीवर एका जागी हात गेला की घोडा अंग चोरतो. ते कळतं ते त्या अर्ध्या तासातच. एकदा असंच डाव्या पुढच्या पायाला ऊब लागली म्हणून त्या दिवशी नुसता चालवला. डॉक्टरांनी तपासलं तर स्नायुबंध दुखावायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी उडी घेतली असती तर सहा महिने बसलो असतो. सव्वाआठला घरी, दहाला ऑफिस.

सॉफ्टवेअर, हिंजवडी

वरच्या सीए दादांचं वाचून राहवलं नाही. मी उलटं गणित मांडलं होतं. अमेरिकेची शिफ्ट घेतली, म्हणजे सकाळ आपली. काम रात्री दोनला संपायचं, सहाला तबेला. पहिले चार महिने मजेत गेले. पाचव्या महिन्यात साध्या उडीवर मी अंतर चुकवलं, घोड्याला चुकीच्या जागी सोडलं, तो अडथळ्यात पाय अडकून पडला. माझं काही झालं नाही. त्याच्या गुडघ्याची जखम मात्र दोन महिने भरत नव्हती. झोप न झालेल्या माणसाने घोड्यावर बसू नये, कारण चूक आपली असते आणि भोगतो तो. शिफ्ट बदलून घेतली, पगार कमी झाला.

त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक

मला पदव्युत्तर शिक्षणाला त्वचारोग आणि स्त्रीरोग, दोन्ही मिळत होतं. घरच्यांचं मत स्त्रीरोग. मी त्वचारोग घेतला आणि कारण खरं तेच सांगितलं: बाळंतपण वेळ बघून येत नाही, आणि माझी घोडीही वेळ बघून आजारी पडणार नाही. दोन्हीकडे एका वेळी मी पुरी पडले नसते. एमबीबीएसची साडेपाच वर्षं मात्र आडवी येतात, त्याला इलाज नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा मिळेल त्या घोड्यावर बसून मांड टिकवली. लेकीला म्हणावं, त्या काळात स्वतःचा घोडा घेऊ नकोस, पण बसणं थांबवू नकोस.

गेल्या मार्चमधली रात्र सांगते. साडेअकराला साईसाचा फोन आला, ताई, घोडी सारखी पोटाकडे बघतेय, चंदीला तोंड लावत नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात काही अडलं तर वर यायला वाटच नाही, म्हणून पोटशूळ म्हटलं की आम्हा घोडेवाल्यांच्या पायातलं बळ जातं. डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघं तिला आळीपाळीने हळूहळू चालवत होतो. ती मध्येच गुडघे वाकवायची, लोळायला बघायची. दर थोड्या वेळाने तिच्या कुशीला कान लावायचा. आत गडगड ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा. उजवीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, आणि पहाटे चारला तिने लीद टाकली. साईस आणि मी तिथेच कडब्यावर बसून रडलो. लिदीसाठी कोणी इतकं रडतं हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सकाळची ओपीडी दोन फोन करून दुपारवर ढकलली. ऑपरेशनची यादी लागलेल्या माझ्या मैत्रिणीला ते शक्य झालं नसतं.

आणखी एक, हाताचं. पडणं या खेळात आहेच. माझं कॉलरबोन मोडलं तेव्हा सहा आठवडे हात झोळीत होता, तरी एका हाताने रुग्ण तपासत होते. सर्जन असते तर घरी बसले असते. करिअर निवडताना हाही विचार करा, कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

पशुवैद्य, पुणे जिल्हा

घोड्यांत राहायचंय म्हणून पशुवैद्य होणाऱ्या मुली मला दर वर्षी भेटतात. मीही तशीच आले, परळच्या कॉलेजातून. काम मला जिवापाड आवडतं. पण ताई, तुमचा प्रश्न स्पर्धेचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: माझं स्वतःचं स्पर्धा करणं सुटलं. स्टड फार्मवर घोड्या अकरा महिन्यांनी वितात आणि बहुतेक रात्रीच. विण्याचा हंगाम थंडी-उन्हाळ्यातला, म्हणजे स्पर्धांच्याच दिवसांत. वरच्या डॉक्टर ताईंच्या घोडीसारख्या घोडीसाठी रात्री साडेअकराला जी निघते, ती मी. माझ्या घोड्याला तेव्हा दुसरं कोणीतरी फिरवत असतं.

आता मी लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींत तपासणीला उभी असते. घोडा टप्पा पुरा करून येतो, ठरलेल्या वेळात त्याचे ठोके मिनिटाला ६४ वर उतरले पाहिजेत, चाल लंगडी नको, तरच पुढे जायचं. ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याआधी एखाद्याला थांबवते तेव्हा स्वाराच्या डोळ्यांत पाणी येतं. मला त्याचं मन कळतं. तरी थांबवते. लेकीला हे चालणार असेल तर तिने जरूर यावं, घोड्यांच्या डॉक्टरांची फार गरज आहे.

प्रशिक्षक, मुंबईजवळ

थोडक्यात लिहितो. शिकवण्यात घोडे दिवसभर आणि स्वतःचा घोडा दुपारी दोनला, उन्हात. शनिवार-रविवारी शिकणाऱ्यांची गर्दी, स्पर्धाही त्याच दिवशी. शिष्यांबरोबर जातो, कोर्स, म्हणजे अडथळ्यांची वाट, पायी मोजून देतो. ते पदक घेतात तेव्हा आनंद खरा असतो. स्वतः स्पर्धेत शेवटचा उतरलो त्याला नऊ वर्षं झाली.

निवृत्त लष्करी अधिकारी, सातारा

कन्येला फौजेचा विचार करायला सांगा. खडकवासल्याला एनडीएत आम्ही घोड्यावर बसलो, आणि २०२२ पासून तिथे मुलीही आहेत. फौजेत घोडा सरकारी, चारा सरकारी, नालबंद आणि डॉक्टर सरकारी. निवड झाली तर स्पर्धा हेच तुमचं काम. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं (घोडेस्वारीच्या तीन प्रकारांची एकत्र स्पर्धा) सुवर्ण घेणारे रघुबीर सिंग फौजेच्या ६१ कॅव्हलरी या घोडदळाचेच.

पण निवड होणं आपल्या हातात नाही. माझी दोन पोस्टिंग अशी होती की मैलोगणती घोडा नव्हता, सामान वाहणारी खेचरं तेवढी होती. संध्याकाळी मी त्यांच्या लाइनीत जाऊन बसायचो, वासासाठी.

शेतकरी, नंदुरबार जिल्हा

आमची स्पर्धा निराळी, तरी सांगतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे रेवाल चालीची स्पर्धा असते. रेवाल म्हणजे घोडा झपाझप चालतो पण वरच्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळू नये. ती चाल बसवायला महिनोन्‌महिने रोज पहाटे रपेट लागते, शेवटचे दोन महिने तर एकही दिवस चुकवून चालत नाही. आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, घरातल्या सगळ्यांना शेतात उतरावं लागतं. तीन सालं घोडं इथंच पेंड खात होतं. चौथ्या साली बापाला समजावलं आणि निम्म्या रानात ऊस लावला. तोडायला कारखान्याची टोळी येते. आता मार्गशीर्षात माझी पहाट मोकळी असते. पिकाची निवड म्हणजे आमच्याकडे करिअरची निवडच की.

मूळची सांगलीची, सध्या उत्तर जर्मनी

इथे एका घोड्याचे आठवड्याचे दिवस दोघी-तिघींनी वाटून घेणं अगदी सर्रास आहे, तुम्ही पुण्यात करताय तसंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. गावोगावी घोडेस्वारीची मंडळं आहेत. शनिवार-रविवारी तासाभराच्या अंतरावर छोटी स्पर्धा बऱ्याचदा मिळते. मी कंपनीकडून आठवड्याचे चारच दिवस काम मागून घेतलं. पंधरापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिन्यांनंतर तसा अर्ज करायचा हक्क इथे कायद्याने आहे. पगार पाचव्या भागाने कमी, गुरुवार घोड्याचा. हांगझोऊला २०२३ मध्ये भारताला ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) सांघिक सुवर्ण आलं, आशियाई खेळांत घोडेस्वारीचं ४१ वर्षांनी, तेव्हा आमच्या तबेल्यात मी सगळ्यांना पेढे म्हणून बेसनाचे लाडू वाटले. ते चौघं स्वार युरोपातच राहून तयार झाले होते, पण त्यासाठी लागणारा पैसा आणि पूर्णवेळ सराव माझ्या आवाक्यातला नाही. मी मधल्या पातळीवर, वर्षाला आठ-दहा स्पर्धा करते. मला हे पुरतं, आणि हे मी पूर्ण मनाने म्हणते.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळं लेकीला जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. नाशिकच्या ताईंच्या घोडीचं वाचताना तिने घास खाली ठेवला. पशुवैद्य ताईंचं तिने स्वतः पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आई, त्या स्पर्धेत थांबवतात ना, त्या घोड्याला नंतर बघायला पण त्याच जातात का?" ताई, याचं उत्तर जमलं तर द्या, ती वाट बघतेय. सीए दादा, तिच्या बाबांना तुमच्याशी बोलायचंय. उद्या पहाटे नालबंद येणार आहे, घोडा धरायची पाळी आमची, म्हणून आज इथेच थांबते.