मदत हवी आहे: मुलाला फुटबॉल अकादमीत घालायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. मुलगा १२ वर्षांचा, डाव्या पायाने खेळतो. चेंडू मारून मारून परड्यातल्या भिंतीचा गिलावा पाडलाय. आपल्या अनिकेत जाधवला २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळताना पाहिलं, तेव्हापासून वाटतं, इथली पोरंही पोचू शकतात. जमशेदपूरची टाटा अकादमी किंवा क्लबांच्या निवासी अकादम्यांत कुणाचं मूल आहे का? निवड चाचणीत वेग बघतात की पासिंग? वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात, त्याचा अनुभव सांगा. दहावीचा अभ्यास तिथे नीट होतो का? आईला तीच धास्ती आहे. एकाने "निवड पक्की" म्हणून ५० हजार मागितले, दिले नाहीत. बरोबर केलं ना?